इंजिन हीटरचे प्लग, सॉकेट आणि कनेक्टर: गोव्यातून येणारे नेहमीचे प्रश्न

थंडीत इंजिन कोमट ठेवणारा विजेचा हीटर ही मुळात बर्फाळ मुलखातली वस्तू. तरी गोव्यात ती भेटतेच. इस्पितळं, हॉटेलं आणि कोल्ड स्टोरेजच्या डीजी सेटवर (डिझेल जनरेटरवर) ती असते, लडाखला गाडी काढणाऱ्यांच्या बोलण्यात असते, आणि कॅनडात राहणाऱ्या मुलाबाळांच्या फोनवरही तिचा विषय निघतो. जनरेटरची देखभाल करताना माझ्यापुढे येणाऱ्या तक्रारींची सुरुवात बहुतेक वेळा ‘हीटर गेला’ अशी होते. तपासल्यावर एलिमेंट ठणठणीत निघतो आणि खराबी सापडते ती प्लगात, सॉकेटात किंवा हीटरच्या टर्मिनलवर. म्हणून इथले प्रश्न मुख्यतः या जोडाबद्दलचे आहेत.

ब्लॉक हीटर म्हणजे नेमकं काय?

इंजिनाच्या ब्लॉकमध्ये फिरणारं कूलंट विजेवर तापवणारा एलिमेंट. कडाक्याच्या थंडीत ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर घटतो आणि डिझेल इंजिनात दाबलेली हवा पुरेशी तापत नाही. ब्लॉक आधीच कोमट असला तर स्टार्टरवरचा भार हलका होतो. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटामधल्या ग्रँड फोर्क्सचे अँड्रू फ्रीमन यांनी हेड बोल्टच्या जागी बसणारा हीटर बनवला आणि १९४९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. आजच्या गाड्यांत हीटर बहुधा ब्लॉकच्या कोअर प्लगच्या भोकात बसतो. मोठ्या जनरेटरवर तो बाहेरच्या बाजूला, दोन होजनी जोडलेला असतो. त्याला जॅकेट वॉटर हीटर म्हणतात.

गोव्यात थंडी कुठे आहे? मग जनरेटरला हीटर कशाला?

हा प्रश्न सोसायटीच्या बैठकीत हमखास निघतो आणि रास्तही आहे. पणजीत जानेवारीच्या रात्रीही पारा २० अंशांच्या आसपास असतो, तेवढ्यात कुठलाही धड जनरेटर चालू होतो. अडचण चालू होण्याची नसते, भार उचलण्याची असते. इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरची वीज गेली की सेटला काही सेकंदांत पूर्ण भार घ्यावा लागतो. गार इंजिनावर एकदम भार टाकला तर ते काळा धूर ओकतं, फेरे पडतात, आणि पिस्टन-लायनरची झीज वाढते ती वेगळीच. आगीच्या पंपाच्या डिझेल इंजिनाला तर हीटर हवाच. अमेरिकेच्या एनएफपीए २० या मानकात त्या इंजिनाचं जॅकेट पाणी, म्हणजे ब्लॉकमध्ये फिरणारं पाणी, ४९ अंशांवर राखायला सांगितलं आहे.

घरगुती दहा-पंधरा केव्हीएच्या सेटला गोव्यात हीटरची गरज नाही. विक्रेता गळ्यात मारत असेल तर स्पष्ट नाही म्हणा.

माझी डिझेल गाडी डिसेंबरात सकाळी लवकर स्टार्ट होत नाही. ब्लॉक हीटर बसवू?

नको. सत्तरी-सांग्याकडे पहाटे गारवा असतो, पण इंजिन गोठण्यासारखं काही नसतं. आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल बघा. मग ग्लो प्लग, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला हीटर प्लग म्हणतात तो. तो सिलिंडरमध्ये असतो आणि गाडीच्या १२ व्होल्टवर चालतो. घरच्या विजेवर चालणाऱ्या ब्लॉक हीटरशी त्याचा संबंध नाही. जुन्या पिकअपमध्ये सगळ्या ग्लो प्लगना जोडणाऱ्या पट्टीचा नट सैल झालेला किंवा गंजलेला असतो. पट्टी काढून घासा आणि नट नीट आवळा, बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं.

हीटरला साधा ६ अँपियरचा थ्री-पिन टॉप चालेल का?

१००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण ४.३५ अँपियर घेतो, म्हणजे हिशेबाने चालायला हवा. १५०० वॉटचा ६.५ अँपियर घेतो, तो हिशेबातही बसत नाही. माझं मत असं की दोघांनाही १६ अँपियरचाच टॉप आणि सॉकेट लावा. मिक्सर पाच मिनिटं चालतो. जनरेटरचा हीटर वर्षाचे बारा महिने लावलेला असतो आणि थर्मोस्टॅट दिवसरात्र त्याला चालू-बंद करतो. दर वेळी पिन तापते, निवते, आणि सॉकेटमधली पितळी पकड हळूहळू सैल होते. स्वस्त ६ अँपियरच्या सॉकेटला हे सोसत नाही.

जनरेटर उघड्यावर किंवा शेडखाली असेल तर थ्री-पिन टॉपचा नादच सोडा आणि निळा गोल इंडस्ट्रियल प्लग घ्या.

तो निळा गोल प्लग इतका महाग असूनही का घ्यायचा?

आयईसी ६०३०९ मानकाचा हा प्लग रंगावरून ओळखू येतो: निळा २३० व्होल्टसाठी, पिवळा ११० साठी, लाल ४१५ च्या थ्री-फेजसाठी. व्होल्टेजप्रमाणे पिनांची संख्या किंवा अर्थ पिनची जागा बदलते, त्यामुळे पिवळा प्लग निळ्या सॉकेटात शिरतच नाही. बांधकामावर किंवा जेटीवर घाईत केलेली चूक इथे हाताला जागीच अडते.

घेताना आयपीचा आकडा वाचा, म्हणजे प्लग धूळ-पाणी किती रोखतो ते कळतं. आयपी ४४ शिंतोडे सोसतो. आयपी ६७ पाण्यात एक मीटरपर्यंत अर्धा तास बुडाला तरी आत पाणी घेत नाही, पण फिरवायची रिंग पूर्ण आवळलेली असेल तरच. रिंग अर्धवट सोडलेला आयपी ६७ आणि उघडा प्लग यांत पावसाच्या दृष्टीने काही फरक नाही. प्लग काढून ठेवता तेव्हा सॉकेटचं झाकणही तितकंच घट्ट लावा. भिंतीवर सॉकेटचं तोंड खाली राहील असं बसवा, आणि केबल आत जाण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी गळून पडतं.

टॉपची एकच पिन काळी पडते. टॉप बदलला तरी महिन्याभरात तेच. हीटर जास्त करंट घेतोय का?

बहुधा नाही. करंट जास्त असता तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही पिना सारख्याच तापल्या असत्या. एकच पिन काळवंडते याचा अर्थ त्या पिनेची पकड सैल आहे किंवा तिच्यावर थर धरला आहे.

हिशेब करून बघा. जोडात अर्ध्या ओहमचा रोध तयार झाला आणि त्यातून ६.५ अँपियर गेले, तर त्या एका टोकाला २१ वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीचं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. म्हणजे सॉकेटच्या पोटात जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न सतत चालू आहे. एमसीबीला याचा पत्ता लागत नाही, कारण एकूण करंट वाढलेलाच नसतो, उलट किंचित कमी झालेला असतो. म्हणूनच हा दोष घातक आहे. प्लास्टिक वितळेपर्यंत कुठलंही संरक्षण जागं होत नाही.

किनाऱ्यालगतच्या एका हॉटेलात जनरेटरचा हीटर ‘जळाला’ म्हणून नवा मागवायची तयारी झाली होती. सॉकेट उघडला तेव्हा अर्थच्या पिनेवर हिरवी भुकटी, फेजच्या पकडीची स्प्रिंग तुटलेली, आणि भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडलेलं. हीटर मीटरवर ५३ ओहम दाखवत होता, १००० वॉटच्या एलिमेंटचा असावा तसाच. नवा सॉकेट, नवा टॉप, केबलची टोकं दोन बोटं मागे कापून स्वच्छ तांब्यावर नवे लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या), एवढ्यात काम झालं.

नुसता टॉप बदलून दोष जात नाही तो यामुळेच. सैल सॉकेट नव्या टॉपलाही जाळतो. दोन्ही एकदम बदला. कळंगुटपासून कोलव्यापर्यंत कुठेही समुद्राचं वारं थेट येत असेल तर निकेलचा मुलामा दिलेल्या पिना घ्या, उघडं पितळ तिथे टिकत नाही.

पाऊस सुरू झाला की हीटर लावताक्षणी ईएलसीबी पडते. उन्हाळ्यात हाच हीटर बरा चालतो. का?

जून-जुलैत हीच तक्रार सगळ्यांत जास्त येते. ईएलसीबी म्हणजे करंट अर्थकडे गळू लागताच वीज तोडणारा स्विच.

हीटरच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ही पूड उष्णता छान वाहते आणि वीज अडवते, पण तिला ओल ओढून घ्यायची खोड आहे. टर्मिनलजवळचं सील म्हातारं झालं की हवेतली वाफ आत शिरते. हीटर रोज चालू असेल तर स्वतःच्या उष्णतेने कोरडा राहतो. कुणीतरी मे महिन्यात वीज वाचवायला तो बंद केला आणि पावसाच्या पहिल्या आठवड्यात परत लावला, की ओल्या पुडीतून करंट अर्थकडे झिरपतो आणि ३० मिलिअँपियरची ईएलसीबी पडते. ती तिचं काम चोख करत असते.

आधी दोष कुठल्या बाजूला आहे ते ठरवा. हीटरकडचा कनेक्टर ओढून काढा आणि नुसत्या केबलला वीज द्या. तरीही पडली तर पाणी केबलमध्ये, सॉकेटात किंवा कनेक्टरमध्ये आहे. नाही पडली तर हीटरमध्ये. हे बघताना नुसता सिंगल पोल एमसीबी खाली करून भागत नाही, कारण न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि न्यूट्रल-अर्थ गळतीवरही ईएलसीबी पडते. कनेक्टर प्रत्यक्ष सुटाच व्हायला हवा.

हीटर दोषी निघाला तर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) एलिमेंट आणि बॉडीमधला रोध मोजून घ्या. एक मेगओहमच्या वर असेल तर चिंता नाही. कमी असेल तर टर्मिनलचं झाकण काढून हेअर ड्रायरने किंवा बल्बच्या उबेने एक दिवस सुकवा आणि परत मोजा. आकडा चढत गेला तर ओल होती. चढलाच नाही तर एलिमेंट बदला.

ईएलसीबीला बगल देऊन थेट वायर जोडणं किंवा अर्थ काढून टाकणं, हे दोन उपाय कुणीही सुचवले तर त्या माणसाला परत बोलावू नका. ओल्या फरशीवर उभं राहून जनरेटरला हात लावणारा चौकीदार कुणाच्या तरी घरचा कर्ता माणूस असतो.

परदेशी सेटच्या हीटरची वायर काळी, पांढरी आणि हिरवी आहे. काळी न्यूट्रलला जोडायची ना?

थांबा! अमेरिकी पद्धतीत काळी वायर फेज असते, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल. युरोपी केबलमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ. सवयीने काळीला काळी जोडली तर फेज-न्यूट्रल उलटे होतात.

हीटर तरीही तापतो, म्हणून चूक वर्षानुवर्षं लपून राहते. थर्मोस्टॅट मात्र एकाच वायरला तोडतो. उलट जोडणीत तो न्यूट्रल तोडतो, आणि ‘बंद’ दिसणाऱ्या हीटरच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट तसेच राहतात. जोडण्याआधी नेमप्लेटवर व्होल्टेजही वाचा. त्याचं कारण पुढच्याच उत्तरात आहे.

भावाने कॅनडाहून ब्लॉक हीटर आणलाय. अ‍ॅडॉप्टर लावून इथे चालेल?

अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. तिथला हीटर १२० व्होल्टचा. तो २३० वर लावला की वॉटेज साधारण पावणेचार पट होतं, म्हणजे ४०० वॉटचा हीटर जवळजवळ १४७० वॉट खेचू लागतो आणि थोड्या वेळात जळतो. जळताना कूलंट किंवा केबलही सोबत नेऊ शकतो.

मीटरवरही विसंबू नका. १२० व्होल्टचा ४०० वॉटचा हीटर ३६ ओहम दाखवतो आणि २३० व्होल्टचा १५०० वॉटचा ३५.३. मीटरला दोघांतला फरक कळत नाही, नेमप्लेटलाच कळतो. प्लेट पुसली गेली असेल तर तो हीटर लावू नका. अगदीच वापरायचा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, ४०० वॉटला किमान ५०० व्हीएचा. ५० आणि ६० हर्ट्झच्या फरकाने एलिमेंटला काही होत नाही.

मुलगी विनिपेगला गेली आहे. तिच्या गाडीच्या जाळीतून एक प्लग लोंबतोय. त्याचं काय करायचं असतं?

तो ब्लॉक हीटरचाच प्लग. दोन चपट्या पात्यांचा, खाली गोल अर्थ पिन असलेला, तिथल्या घरगुती सॉकेटात बसणारा. साधारण उणे १५ अंशांखाली पारा गेला की लोक तो लावतात. रात्रभर गरज नसते, टायमरवर निघण्याआधीचे दोन-चार तास पुरतात.

तिला तीन गोष्टी जरूर सांगा. एक्स्टेन्शन तीन तारांची आणि बाहेर वापरायची असावी. १२० व्होल्टवर १५०० वॉटचा हीटर १२.५ अँपियर घेतो, तेव्हा १६ गेजची बारीक वायर तापते, १४ किंवा १२ गेजची घ्यावी (तिथे आकडा लहान तितकी वायर जाड). काही पार्किंगमध्ये वीज ठरावीक अंतराने चालू-बंद होते, म्हणून सॉकेट मेलेला दिसला तर लगेच घाबरू नये. आणि गाडी काढण्याआधी पुढे जाऊन प्लग सोडवावा. केबल लावलेली ठेवून गाडी पुढे घेणं हा तिथला नेहमीचा अपघात आहे.

नॉर्वे-स्वीडनमध्येही असाच प्लग असतो?

नाही. तिथे बंपरमध्ये छोटा इनलेट बसवतात आणि केबल पूर्ण सुटी होते. नॉर्वेची डेफा आणि स्वीडनची कॅलिक्स ही तिथली मोठी नावं, पण एकाचा प्लग दुसऱ्याच्या इनलेटात बसत नाही. जुनी गाडी घेताना केबल सोबत मागून घ्यावी. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची.

हिवाळ्यात लडाखला डिझेल गाडी घेऊन जातोय. हीटर बसवून घेऊ का?

एका सहलीसाठी नको. लेहला जानेवारीच्या रात्री पारा उणे दहाच्या खाली सहज जातो, पण मुक्कामाच्या ठिकाणी गाडीजवळ सॉकेट, तोही धड अर्थिंगचा, मिळेल याची खात्री कुणी देत नाही. त्यापेक्षा वजन द्या ते ऑइलच्या ग्रेडला, ताज्या बॅटरीला, कूलंटच्या मिश्रणाला आणि डिझेलला. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल आणलं. गोव्याहून भरलेलं डिझेल टाकीत घेऊन वर चढू नका, वाटेत संपवत जा आणि पुढे तिथलं भरा. इंजिनाखाली स्टोव्ह पेटवून ठेवायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका.

कनेक्टरला ग्रीस लावावं का?

लावा, पण सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस, आणि तेही पातळ हाताने, रबरी सील आणि पिनेच्या मुळाशी. चाकाचं बेअरिंग ग्रीस रबराला फुगवतं. आधीच गंजलेल्या पिनेवर ग्रीस लावून उपयोग नाही. आधी कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करा.

केबल कुठली?

इंजिनाजवळ साधी पीव्हीसी नको, ती ७० अंशांची. सिलिकॉन रबराची तीन कोअर, १.५ चौरस मिमी. उंदीर फार असतील तर वरून लवचीक धातूची नळी चढवा आणि नळीलाही अर्थ द्या.

वॉचमन रोज रात्री हीटरचा एमसीबी पाडतो. बिल वाचतं म्हणे.

१००० वॉटचा हीटर दिवसाकाठी समजा आठ तास प्रत्यक्ष चालू राहिला तर आठ युनिट. गोव्याच्या हवेत पाण्याला फार तापवावं लागत नाही, म्हणून थर्मोस्टॅट बराच वेळ बंदच असतो. ही बचत करायचीच असेल तर थर्मोस्टॅटची सेटिंग तपासा. एमसीबीवर ठळक मराठीत ‘जनरेटर हीटर, बंद करू नये’ अशी पट्टी लावा आणि ही लाइन दिव्यांच्या लाइनपासून वेगळी ठेवा.

अल्टरनेटरमध्येही बहुतेक मोठ्या सेटना वाइंडिंग कोरडं ठेवणारा वेगळा छोटा हीटर असतो. तो सेट बंद असतानाच चालायला हवा. गोव्याच्या पावसाळ्यात मला तो इंजिनाच्या हीटरपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्या दोन वायरांकडे कुणी बघतच नाही. चवथीच्या आधी एकदा तरी त्याचा करंट क्लँप मीटरने बघून घ्या.

मासेमारी बंदीत ट्रॉलर जेटीवर असतो, तेव्हा किनाऱ्यावरून वीज घेतो. त्या कनेक्टरला काय करावं?

१ जून ते ३१ जुलै म्हणजे नेमका पावसाचा जोर. केबल डेकवर लोळत ठेवू नका, तिचा जोड हवेत टांगा. खारं पाणी उडालं असेल तर वीज बंद करून आधी गोड्या पाण्याने पुसा, मग पूर्ण सुकवा. नुसतं सुकवलं तर मीठ आत राहतं आणि पुन्हा ओल ओढतं.

कनेक्टर बदलताना काय काळजी घ्यायची?

काम परवानाधारक वायरमनकडूनच करा. हीटरची वीज बंद करण्याआधी पॅनेल ‘ऑटो’वरून ‘ऑफ’वर घ्या आणि जनरेटरच्या बॅटरीचं निगेटिव्ह काढा. तुम्ही इंजिनावर वाकलेले असताना वीज गेली तर ऑटो सेट कुणाला विचारून सुरू होत नाही.

कूलंट काढलं असेल तर ते भरून हवा निघेपर्यंत हीटर लावू नका. पाण्याबाहेरचा एलिमेंट काही क्षणांत जळतो. नव्या कनेक्टरमध्ये तारा पिळून स्क्रूखाली दाबू नका, लग चढवा. ग्लँड (केबल आत शिरते तिथे आवळायची सीलची कडी) केबलच्या मापाचाच घ्या, आणि अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेली तर अर्थ सगळ्यांत शेवटी सुटेल. अर्धा तास हीटर चालवून मग वीज बंद करा, कनेक्टर काढा आणि मीटरने खात्री करून पिनांना हात लावा. कोमट असतील तर ठीक. बोट टेकवत नसेल तर त्याच दिवशी पुन्हा उघडा.